गाडीचा गळा

काही माणसं जोडण्यासाठी जन्माला येतात, काही मोडण्यासाठी. आमचे साडू या भूतलावर फक्त काढण्यासाठी आलेले आहेत. विकत आणलेल्या वस्तूतून काहीतरी काढून टाकल्याशिवाय ती आपली झाली असं त्यांना वाटतच नाही. नवा शर्ट आणला की आधी कॉलरमधली पट्टी काढतात, मग खिसा उसवतात. पंखा बसवणाऱ्या माणसाची पाठ वळली की स्टुलावर चढून पंख्याच्या मधली शोभेची वाटी काढतात. त्यांच्या इस्त्रीला दिवा नाही, मिक्सरला खटका नाही, आणि दारावरच्या बेलची धून काढून टाकल्यामुळं ती दाबली की आत नुसतं 'टक' होतं. "जे नसल्यानं अडत नाही ते नसावंच," असं ते म्हणतात. घराणं मूळचं भिक्षुकीचं, आजोबा पोथी सांगायचे, त्यामुळं अशा सगळ्या वस्तूंना त्यांनी घरातलाच एक शब्द ठेवलाय : उपाधी. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली, म्हणजे आमच्या ताई. माझ्या लग्नात बोहल्याजवळ पहिली भेट झाली तेव्हा माझ्या फेट्याचा तुरा चाचपून म्हणाले, "साडूबुवा, ही उपाधी काढा. डोकं हलकं होईल." मी घाबरून काढला. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेव बिनतुऱ्याचा आहे.

नोकरी त्यांनी आयुष्यभर वाळूजच्या एका कारखान्यात केली. राहायला बजाजनगरात होते, निवृत्त झाल्यावर गारखेड्यात टुमदार घर बांधून आले. कारखान्यात त्यांचं काम एकच. तयार झालेलं इंजिन सुरू करायचं, कान द्यायचा आणि म्हणायचं, 'पास' किंवा 'परत'. पुढं संगणक आले, पण संगणकानं पास केलेलं इंजिन साडूंनी परत पाठवलं की साहेबलोक संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचे, असं ते सांगतात. मी यातला निम्मा भाग सोडून देतो, पण निम्मा सोडूनही पुष्कळ उरतं. आमच्या घरात पाऊल टाकताच ते फ्रिजकडे न बघता सांगायचे, "कॉम्प्रेसर दमायलाय तुमचा." एकदा सत्यनारायणाला गुरुजींनी शंख फुंकला तर भर पूजेत हात वर करून म्हणाले, "गुरुजी, शंखाला बारीक चीर गेलीय." गुरुजी चिडले, पण उजेडात धरून पाहिलं तर चीर होती. पोट सुटलं, गुडघे गेले, डोळ्यांवर चष्मा चढला, हे सगळं साडू हसत मान्य करतात. कान मात्र पंचविशीतला आहे, हा त्यांचा खरा अभिमान होता.

निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, साडूंनी स्पोर्ट्स कार घेतली. आखातातून परतलेल्या एका गृहस्थांनी छावणी भागात ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. लाल, जपानी, दोन दारांची, आणि माझ्या संसारापेक्षा जुनी. उंचीनं एवढी बुटकी की तिच्यात बसायचं नसतं, आडवं व्हायचं असतं. ताई तिच्यात एकदाच बसल्या आणि उतरवायला दोन शेजारणी लागल्या. तिचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले असतात आणि बटण दाबलं की वर येतात. त्यातला उजवा लगेच येतो, डावा मात्र कुणीतरी उठवल्यासारखा नाराजीनं, थांबत थांबत येतो. गारखेड्यापासून छावणीपर्यंतचा एकूण एक गतिरोधक साडू नावानं ओळखतात आणि प्रत्येकावरून गाडी तिरकी करून, श्वास रोखून, देवाचं नाव घेत उतरवतात. एवढ्या वेळात बाजूनं सायकलवाला निघून जातो.

ही गाडी घरी आणून त्यांनी पहिल्यांदा सुरू केली, डोळे मिटले, कान दिला, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हिचा गळा आवळलाय कुणीतरी." मला तर आवाज चांगला खणखणीत वाटला होता, पण मला मिक्सर आणि इंजिन यातला फरक भिंतीआडून कळत नाही. दोषी कोण ते साडूंनी त्याच दिवशी ठरवलं. धूर स्वच्छ करण्यासाठी कंपनीनं त्या इंजिनाला जे जे लावलं होतं ते सगळं म्हणजे उपाधी. छावणीतले एक वयस्क मिस्त्री त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी आधी समजावून पाहिलं. "साब, कंपनीने बिठाया सो है, कुछ सोच केच बिठाया रहेंगा." साडू म्हणाले, "मियाँ, कंपनीनं विचार केला तो तरुण गाडीचा. या वयात एवढे दागिने कशाला?" आणि काढणं सुरू झालं. आधी धुरात ताजी हवा मारणारा पंप गेला. मग पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा गेला. मग इंजिनाचाच थोडा धूर इंजिनाला परत पाजणारी एक नळी सापडली, तेव्हा साडू खरोखर हळहळले. "उष्टं खाऊ घालायलेत हो बिचारीला." ती नळी त्यांनी स्वतःच्या हातानं सोडवली. आणि प्रत्येक वेळी गाडी सुरू करून, कान देऊन म्हणायचे, "अजून दबकाच आहे."

शेवटी पाळी आली कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. सायलेन्सरच्या अलीकडं पोटाखाली असतो तो लोखंडी डबा. मिस्त्रींनी डबा कापला आणि आतून चिनी मातीचं, असंख्य बारीक भोकांचं, मधाच्या पोळ्यासारखं एक ठोकळं निघालं. साडू ते भंगारात टाकणार होते, पण ताईंनी त्या भोकांत एक उदबत्ती खोवून बघितली. बसली. दुसरी खोवली, तीही बसली. तेव्हापासून ते देवघरात आहे. चतुर्थीला ताई त्यात अख्खा पुडा लावायच्या. आमच्या सासरकडच्या एका काकूंनी तर, "हे कुठल्या तीर्थाहून आणलंत?" असं हात जोडून विचारलं आणि साडू शांतपणे म्हणाले, "जपान."

यानंतर ती गाडी जी ओरडायला लागली, ते मी लिहून काय सांगू? साडूंनी गारखेड्यात किल्ली फिरवली की चार गल्ल्या पलीकडं आमच्या खिडकीची काच थरथरायची. पेट्रोलच्या उग्र वासानं शेजारच्या बाई वाळत घातलेले कपडे ओलेच काढून न्यायच्या. पीयूसीवाल्यानं धुराड्यात नळी घातली, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, "काका, आमचं मशीनच बिघडल्यासारखं वाटायलंय." कॉलनीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर एक मामा म्हशी बांधतात. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे, यांनी म्हशी धरल्या. ते एका सकाळी दुधाची किटली घेऊन थेट पोर्चमध्ये आले.

"सायेब, तुमची गाडी वरडली की म्हस पान्हा चोरायली. निम्मं दूध बी देईना."

"कोणती गाडी? ही?" साडू खरंच चकित झाले. "मामा, हिचा आवाजच निघत नाही, त्यासाठी तर एवढी खटपट."

मामा माझ्याकडं बघत राहिले. मी किटलीकडं बघत राहिलो.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो छावणीत. मिस्त्रींच्या गॅरेजसमोर साडूंनी गाडी सुरू केली तेव्हा गल्लीतली कबुतरं उडाली, समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली, आणि साडू पापण्या मिटून, मान हलवून म्हणाले, "अजून काहीतरी अडकलंय गळ्यात." मिस्त्रींनी हात पुसले. "साब, अब इसमें निकालनेको कुछ बचाच नै," असं ते म्हणाले खरं, पण म्हणाले साडूंना आणि बघितलं माझ्याकडं. दबका आवाज गाडीचा नव्हताच. साडूंनाच नीट ऐकू येईनासं झालं होतं.

घरी येऊन मी हे ताईंना स्वयंपाकघरात हळूच सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. त्यांनाही नुकताच संशय आला होता. "आधी कसा येईल?" त्या म्हणाल्या. "माझं म्हणणं हे लग्न झाल्यापासून ऐकतच नाहीत. त्यातलं न ऐकणं कुठं संपलं अन् ऐकू न येणं कुठं सुरू झालं, ते मला कसं कळावं?" हसू आलं, पण दोघांचंही फार टिकलं नाही. कारण हे त्यांना सांगायचं कुणी? त्या माणसानं आयुष्यभर एकाच गोष्टीच्या जोरावर भाकरी खाल्ली आणि मान मिळवला. कान गेला म्हटलं तर तो कधीपासून गेला, हे आलंच. मग आपण पास केलेली इंजिनं खरंच पास होती का, असं त्यांच्या मनात येणार, आणि ते उत्तर त्यांना कोण देणार? न सांगावं, तर ते आणखी काहीतरी काढणार. आणि आता काढण्यासारखं फक्त इंजिन उरलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांना 'तुम्ही सांगा' म्हणत पुष्कळ दिवस काढले.

मग एका रविवारी ते आपोआपच झालं. पोर्चमध्ये गाडी आक्रोश करत होती, साडू बॉनेटमध्ये वाकले होते, आणि मी सहज बोलावं तसं मोठ्यानं विचारलं, की कारखान्यात इंजिनाला काठी लावून ऐकतात म्हणे? साडू हसले. "ते नवशिक्यांचं काम. ज्याला कान नाही त्यानं काठी धरावी." तेवढ्यात ताई पिठाच्या हातानं जेवायला बोलवायला आल्या. त्यांच्या हातात लाटणं होतं. साडूंनी ते घेतलं. "हे बघा, आमच्याकडची पोरं अशी ऐकायची," असं म्हणून त्यांनी नवशिक्यासारखं बावळट तोंड केलं, लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावलं.

ते बावळट तोंड तसंच राहिलं. मग हळूहळू निवळलं. त्यांनी लाटणं बाजूला घेतलं आणि नुसत्या कानानं ऐकलं. पुन्हा लाटणं लावलं. हाडातून येणारा आवाज दबका नसावा. मग दुसऱ्या कानामागं लावलं. जागा बदलून पाहिलं, इंजिनाचा वेग वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. एवढी वर्षं त्यांनी इंजिनं कशी तपासली असतील ते मी त्या दिवशी पाहिलं. घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही. शेवटी गाडी बंद करून त्यांनी लाटणं ताईंच्या हातात दिलं.

"गाडी पास आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून होती. मी परत."

पानावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "केव्हापासून?" ताई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी हळू आवाजात बोलल्या आणि ते साडूंना ऐकूच आलं नाही. तेव्हा ताईंना डोळे पुसत पुसत, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगावं लागलं.

पण आमचे साडू खचून बसणाऱ्यांतले नव्हेत. जो चुकीचा निकाल दिला तो फिरवायचा, एवढंच त्यांना कळतं. दुसऱ्याच दिवशी सगळ्या उपाधी पोत्यात भरून आम्ही छावणीत गेलो. मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले, "साब, निकालते वक्त कचरा बोले, अब बोलते इज्जत से बिठाव." पंप बसला, कोळशाचा डबा बसला, उष्ट्याची नळी बसली. चिनी मातीचं ठोकळं देवघरातून काढताना ताईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मिस्त्रींनी त्यातली राख फुंकली, काड्या उपसल्या, ते डब्यात घालून डबा सांधला आणि गाडी सुरू केली. सुरुवातीची काही मिनिटं छावणीच्या त्या गल्लीत मोगऱ्याच्या उदबत्तीचा घमघमाट सुटला होता. पीयूसीवाल्याचं मशीन दुरुस्त झालं आणि मामांच्या म्हशीही.

साडूंनी कानातलं मशीनही घेतलं. त्यातून काहीही काढता येत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. ते लावून घरात फिरताना त्यांना शोध लागला की आपली चप्पल वाजते, आणि ताई स्वयंपाक करताना स्वतःशी बोलतात, तेही बहुतेक आपल्याबद्दल. पण गाडीपाशी मात्र ते मशीन लावेनात. "यातून इंजिन पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखं वाटायलंय," म्हणाले. "तो आवाज मशीनचा, तिचा नाही."

गेल्या आठवड्यात मी गेलो तर गाडी सुरू होती आणि मशीन त्यांनी काढून खिशात ठेवलं होतं. खिसा असलेला शर्ट होता, म्हणजे मशीनपायी शर्टालाही खिसा राखावा लागला होता. त्यांनी मला बॉनेटजवळ उभं केलं.

"साडूबुवा, कान द्या. काय ऐकू येतंय?"

"मला त्यातलं काय कळतं?"

"नाही कळलं तरी चालेल. नुसतं ऐका."

मी वाकलो. आयुष्यात पहिल्यांदा एखादं इंजिन मन लावून ऐकलं. बराच वेळ नुसती घरघर होती. मग तिच्या तळाशी काहीतरी वेगळं लागलं. "चक् चक् होतंय," मी ओरडून सांगितलं. "डावीकडून."

"सारखं? की मधेच थांबतं?"

"सारखं."

"थांबा थोडं. गरम होऊ द्या तिला." आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. ते माझ्या तोंडाकडं एवढ्या आशेनं बघत होते की मला अवघडल्यासारखं झालं. "आता?"

"कमी झालं. जवळजवळ गेलंच."

साडूंनी डोळे मिटले आणि मान डोलावली. मग गाडी बंद केली, लांब पाना घेतला, डावीकडं धुराच्या नळीच्या जोडावरचा एक नट पान्यानंच चाचपून हेरला आणि तो अर्धाच आटा आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि थंड इंजिन सुरू केलं. मी कान दिला. चक् चक् नव्हती, आणि तसं मी त्यांना हातवारे करून सांगितलं.

"तिथूनच धूर फुंकत होती," ते म्हणाले. "थंड असताना चक् चक्, तापली की गप्प. तो आवाज आठवतो मला."

आणि गाडी तशीच चालू ठेवून ते तिच्याशेजारी उभे राहिले.