रविवारी उरकलेला आठवडा

वजन कसं उचलावं यातलं मला काही कळत नाही, हे कळायला मला एक रविवार आणि दोन्ही गुडघे लागले.

पोंभुर्ण्यात आमची पिठाची गिरणी आहे. वीस वर्षं मी गव्हाची पोती उचलतेय. त्यामुळे सोळा वर्षांच्या पल्लवीनं वेटलिफ्टिंग सुरू केलं, तेव्हा घरात तज्ज्ञ कोण हा प्रश्नच नव्हता. (मीच!) तिच्या मॅडमनी आठवड्यातून चार दिवस, तासभरच सराव ठेवलेला. जिल्ह्याची स्पर्धा दीड महिन्यावर आणि पोरगी तासाभरात घरी!

"चार दिवस काऊन जायचं? रविवारी गिरणी बंद असते. चारही तास एकदमच उरकू!"

"आई, तसं नाई होत."

"काऊन नाई होत? आठवड्याचं तिखट मी एकाच दिवशी दळते ना!"

त्या आठवड्यात मी तिला पाठवलंच नाही. रविवारी अंगणात लोखंडी पाइप आणला, दोन्ही टोकांना पाच-पाच किलो पिठाच्या पिशव्या अडकवल्या. एक डाव तिचा, एक माझा! पहिल्या तासात पल्लवी पाइप इतका सरळ वर नेत होती की मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या तासात पाइप पुढे झुकायला लागला. तिसऱ्यात पल्लवीच झुकली.

"आई, अंग ऐकून नाई राह्यलं. चुकतच चालली मी."

"सरक! मी दाखवते."

पाइप डोक्यावर घेतला आणि तिच्यासारखी खाली बसले. उत्तम बसले! तेवढ्यात आमचे हे चहा घेऊन बाहेर आले.

"काय झालं वं?"

"काई नाई. बसली."

"मंग उठ ना!"

"तेच तर जमून नाई राह्यलं!"

पल्लवी फिस्सकन हसली, मीही हसले, पाइप कलला. एक पिशवी माझ्या मागे पडली, दुसरी थेट ह्यांच्या पायाशी फुटली. हे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, आणि कपातल्या चहाची कणीक!

सोमवारी माझे हात खांद्याच्या वर जाईनात. गिऱ्हाइकांनी आपापले गहू स्वतः ओतले. हसण्यासारखंच होतं, पण मंगळवारी पल्लवी सरावाहून रडत आली. नुसती काठीसुद्धा वाकडी जात होती म्हणे. मग मात्र मी लंगडत मॅडमकडे गेले.

"बाई, थकलेलं अंग चुकाच पाठ करते," त्या म्हणाल्या. "म्हणून चार दिवसांत थोडं-थोडं. ताजी असताना आधी पद्धत, मग जड वजन, मग एक दिवस सुट्टी."

"मंग जोर केव्हा वाढते?"

"सुट्टीतच वाढते!"

(वीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सुट्टीही कोणी दिली नव्हती.)

पुढे सगळं मॅडमच्या वेळापत्रकानं. दोन आठवड्यांत काठी सरळ झाली, मग वजन चढत गेलं. चंद्रपूरच्या स्पर्धेत पल्लवी पाचवी आली. पण तिसऱ्या डावात तिनं आजवर न उचललेलं वजन सरळ डोक्यावर नेलं, आणि उठलीसुद्धा! मी इतकी ओरडले की पंचांनी मान वळवून पाहिलं.

आता पुढच्या वर्षाची तयारी सुरू आहे. पल्लवीनं नवं वेळापत्रक भिंतीवर लावलंय. त्यात माझ्या नावानंही एक ओळ आहे: "आईनं गप्प राहणे, रोज पंधरा मिनिटं." मॅडमनी खाली लिहिलंय, "हळूहळू वाढवा."

सध्या मी चार मिनिटांवर आहे.