शेवटच्या टाकीतले रोहू

आमच्या गावाचं सांडपाणी पूर्वी सरळ तलावात जायचं. आता ते बाबूभाईंच्या हाताखालून जातं. मूल शहरात नळाची कामं करणारे बाबूभाई इथल्या शुद्धीकरण केंद्रावर आले आणि लोकांची समजूत काढण्यातच म्हातारे झाले. गाळ खाली बसतो, पाणी गोट्यांतून आणि कर्दळीच्या मुळांतून झिरपत शेवटच्या टाकीत येतं, असं ते सांगायचे. लोक नाकाला रुमाल लावून ऐकायचे. अखेर त्यांनी त्या टाकीत रोहू सोडले. मासे चांगले पोसले, पण लोकांचा विश्वास बसला नाही. फक्त अधूनमधून एखादा मोठा मासा गायब व्हायचा.

मग रुमाल लावणाऱ्यांत सगळ्यांत पुढे असलेल्या लटारूभाऊंनी केंद्र बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत आणला. तो मंजूर झाला असता तर सांडपाणी पुन्हा तलावात आणि बाबूभाई पुन्हा मूलला गेले असते.

"त्या घाण पाण्यातला मासा कुत्रंबी खाणार नाई," लटारूभाऊ म्हणाले.

"बराबर आहे, भाऊ," बाबूभाई उठले. "कोनी खातच नाई म्हणून काल सकाळी टाकीत जहर टाकलो."

लटारूभाऊंचा हात पोटावर गेला. "काल सकाळी? आन् मले आता सांगून राह्यला?"

त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, कपाळावर हात मारला. "मले तं तलावातला म्हणून सांगतलं जी!"

हसण्याच्या गोंधळात ठराव कुठे गेला, कुणालाच कळलं नाही.

"घाबरू नका, धानाचा कोंडा टाकलो होतो," बाबूभाई म्हणाले. "पण मासा कसा होता, तेवढं सभेले सांगा."

लटारूभाऊ उठून चपला पायात सरकवू लागले.

"गोड होता," ते म्हणाले.