नारिंगी म्हणजे लिंबू नव्हे

अकोटला आमच्या गल्लीतल्या मंडळानं यंदा ठरवलं की नवरात्रात कमानीला खरी फुलं लावायची नाहीत. फुलं दोन दिवसांत सुकतात, रोज बदलावी लागतात, त्यापेक्षा लाइटचं तोरण करू. ती फुलं दरवर्षी आमच्याच वावरातून जायची. बाबा ऐकून वावराकडे निघून गेले. आई तेवढी म्हणाली, "लावा बाप्पा लाइट. पन मंग तो झेंडू तरी दिसला पायजे."

काम माझ्याकडे आलं. मी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं मला येत असणार, असं गल्लीला वाटतं. मी हो म्हटलं. खरं तर प्रयोगशाळेच्या टेबलावर हातभर पट्टी पेटवण्यापलीकडे माझा अनुभव नव्हता.

तरी मंडळाच्या अध्यक्षांना मी सांगून बसले, की आपल्या तोरणात नारिंगी आणि पिवळा झेंडू वेगवेगळा ओळखू येईल, मध्ये आंब्याची पानंही दिसतील. ते म्हणाले, "पाय बरं. घटस्थापनेच्या आरतीपर्यंत जमलं त जमलं. नाईतर डेकोरेशनवाल्याचा सात रंगाचा प्रोग्राम हायेच तयार."

तो सात रंगांचा प्रोग्राम मला माहीत होता. वरातीत तोच फिरतो, मोबाइलच्या दुकानावर तोच, ढाब्याच्या फाटकावर तोच. आमच्या फुलांच्या जागी लाइट येणार हे मला टोचत होतंच. पण येणारच असेल, तर खोटा रंग घेऊन मी त्याला येऊ देणार नव्हते.

शनिवारच्या एसटीनं घरी आले आणि मंडपात पहिल्यांदा माळ पेटवली, तर आंब्याची पानं लालभडक. या पिक्सेल लाइटच्या प्रत्येक दाण्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे असतात, आणि काही माळांमध्ये हिरव्याचा नंबर लालच्या आधी लागतो. मी क्रम उलटा धरला होता. डेकोरेशनवाले भाऊ शिडीवरून हसले.

"पानं पिकली काय वं?"

रंग ठरवणाऱ्या कंट्रोलरच्या डबीत क्रम बदलला, पानं हिरवी झाली. पण झेंडू? दोन्ही रांगा सारख्याच, कच्च्या लिंबासारख्या. नारिंगीचे आकडे, म्हणजे कुठला दिवा किती पेटवायचा ते, मी मोबाइलवरून घेतले होते, आणि मोबाइलवर ते नारिंगीच दिसत होते.

"झेंडूच हाये ना दोनी," भाऊ म्हणाले. "पब्लिकले काय समजते?"

हे मला लागलं. आमची आई बाजारात क्रेट उघडते तेव्हा नारिंगी मागणाऱ्या बाईच्या ओंजळीत पिवळा टाकून पाहावा कुणी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत दारोदारी माळा ओवल्या जातात. ती पब्लिक म्हणजे हीच माणसं. मी माळ गुंडाळली आणि घरी नेली.

घरी मधल्या खोलीची खिडकी लावून मी एक नारिंगी फूल पेटत्या माळेशेजारी धरलं आणि आकडे बदलत गेले. थोड्या वेळानं रंग तंतोतंत जुळला. मी आनंदानं ते फूल घेऊन ओट्यावर आले. उन्हात पाहिलं, तर फूल वेगळंच. मी फुलाशी लाइट जुळवला नव्हताच. लाइटनंच फुलाला आपल्या रंगात ओढलं होतं, आणि मी खूश होऊन टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

मग फूल ओट्यावर उजेडात ठेवलं, माळ आत अंधारात, आणि मी उंबरठ्यावर उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत बसले. हळूहळू कळलं. मोबाइलचा पडदा आकडा डोळ्याला मानवेल असा सावरून घेतो, हा दाणा सावरत नाही. आकडा अर्धा केला तरी डोळ्याला उजेड अर्ध्याहून बराच जास्त वाटतो. नारिंगी होतो तो पूर्ण लाल आणि अर्ध्या हिरव्या उजेडातून, त्यामुळे तो अर्धा हिरवाच लालावर चढून बसतो. मी हिरव्याला खाली आणलं, आणखी खाली आणलं, पार आधीच्या निम्म्याच्याही खाली. तेव्हा कुठे नारिंगी नारिंगी झाला. पिवळ्यातलाही हिरवा कापला.

बाबा दारात थांबले. "हा आपला हाये," नारिंगीकडे बघत म्हणाले. मग पिवळ्याकडे, "हा अजून कच्चा वाटते मले." मी पिवळा अजून जरा पिकवला.

घटस्थापनेच्या संध्याकाळी माळ कमानीवर चढली. डावीकडून झेंडू सुरेख दिसत होता. उजवीकडे जाता जाता मात्र नारिंगीचा लाल होत गेला. लांब माळेत शेवटापर्यंत वीज पुरत नाही, आणि कमी विजेत हिरवा आधी मान टाकतो, लाल तग धरतो. इलाज एकच, उजव्या टोकालाही वेगळी वायर द्यायची.

"आता शिडी नाई लावत मी," डेकोरेशनवाले भाऊ म्हणाले. "आरतीले लोक येऊन राहिले. सात रंग लाव अन् मोकळी हो."

अध्यक्षांनीही मान हलवली. "लाव वं पोरी. काहून अडून राहिली?"

"नाई लावत," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. "नाई लावत, काका. उजवीकडून वायर द्या. नाईतर मी कंट्रोलर काढून घरी नेते, अन् कमान राहू द्या अंधारात."

"धमकी देऊन राहिली काय?"

"हो."

मग अध्यक्ष स्वतः शिडी धरायला गेले आणि भाऊंना म्हणाले, "चढ बावा. हे पोरगी काई ऐकत नाई."

वायर जोडली. कमानीचं उजवं टोक लालातून परत नारिंगीत आलं. ताट घेऊन आलेली एक काकू वर बघत शेजारणीला म्हणाली, "यंदाई फुलंच लावली काय वं?" शेजारीण म्हणाली, "लाइट हाये तो. पन पाय, पिवळा अलग, नारिंगी अलग." मी डेकोरेशनवाल्या भाऊंकडे पाहिलं. ते वायर गुंडाळत होते.

सोमवारी कंट्रोलरला पासवर्ड घालून मी अमरावतीला परत आले. नवरात्राच्या चौथ्या माळेला अध्यक्षांचा फोन. "पोट्टे मांगून राहिले वं, तासभर सात रंग फिरू दे. पासवर्ड सांग."

"नाई सांगत, काका."

"अवं, तासभरच!"

"सात रंग पायचे असतीन त वरातीत जा म्हना त्याईले."

मी फोन ठेवला. दसरा होईपर्यंत पासवर्ड मी कुणालाच दिला नाही.