इवायाचा दगड

डोंगर ही चढायची गोष्ट नसून पाहुण्यांना दाखवायची घरची वस्तू आहे, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही आहे. आमची एकुलती एक लेक त्यांच्या घरी दिली तेव्हा मी जावयाची नोकरी पाहिली, घर पाहिलं, माणसं पाहिली. घरामागं डोंगर आहे हेही पाहिलं होतं, पण त्याचा आपल्याला काही उपद्रव होईल असं वाटलं नाही. माझं शहरात, औरंगपुऱ्यात वह्या-पेनांचं दुकान. सगळी हयात गल्ल्यामागच्या खुर्चीत गेलेली. दुकानाच्या माळ्यावर चढायचं झालं तरी मी आधी एक चहा घेतो.

व्याह्यांचं गाव फुलंब्रीकडं. नोकरी त्यांनी शहरात केली आणि निवृत्त झाल्यावर शेताकडं बघायला म्हणून गावी राहायला गेले. घरामागच्या डोंगरावर त्या गावात बिनकामाचं कुणी कधी चढलेलं नव्हतं. शेळी चुकली की माणूस वर जायचा आणि शेळी सापडली की खाली यायचा. लग्नानंतर आमची लेक पहिल्यांदा तिथं राहायला गेली आणि तिनं विचारलं, "बाबा, वर काय आहे?" व्याही म्हणाले, "काय नाय पोरी, दगड हायेत." ती म्हणाली, "मग बघून येऊ की." सुनेनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं, ते नाही कसं म्हणायचं, म्हणून व्याही निघाले. दुपारी खाली आले ते वेगळेच होऊन. विहीणबाईंना म्हणाले, "सारा जन्म ह्याच्या पायथ्याला गेला, अन् वरून आपलं घर कसं दिसतं ते मला ठावंच नव्हतं. लई भारी दिसतंय वो!" विहीणबाई म्हणाल्या, "घरातून बी बघा कधी." पण माणूस हातातून गेला तो गेलाच. आधी घरचे, मग भावकी, मग मुलाच्या ऑफिसातली पोरं, मग ज्यांचं त्यांच्याकडं काही काम अडलंय असे लोक, अशी दर रविवारी डोंगरावर रीघ लागली.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात नवल काय, हल्ली सगळेच ट्रेकिंगला जातात. तर तसं नाही. 'ट्रेक' हा शब्द त्यांना चालत नाही. पाहुणे डोंगराला 'येतात'. त्यांना बोलवायला व्याही स्वतः जातात. मी एकदा म्हटलं, "एवढ्या लांब कशाला आलात, फोन करायचा." ते म्हणाले, "इवाई, फोनवर मयताचं कळवतात. आवतन कुठं फोनवर देतात काय?" इवाई म्हणजे व्याहीच, त्यांच्याकडं तसं म्हणतात. जावयानं कौतुकानं त्यांना डोंगरावरचे भारीतले बूट आणून दिले, तर ते त्यांनी कपाटात ठेवले आणि भाचीच्या लग्नाला घातले. डोंगराला मात्र कडक इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा, टोपी आणि पायात चपला. "घरच्यासमोर बूट घालून कामून मिरवायचं?" घरचा म्हणजे डोंगर.

आणि वर पोचलं की सत्कार. लग्नात मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात ना, तशी पहिल्यांदा माथा गाठणाऱ्या प्रत्येकाला टॉवेल-टोपी. बायकांना खण आणि नारळ. वर देवीचं एक छोटं ठाणं आहे, त्याच्यासमोर माणसाला उभं करायचं, तोंडाशी मूठ धरून माइकमध्ये बोलल्यासारखं त्याचं नाव, गाव, कुणाचा कोण ते पुकारायचं आणि मग टोपी घालायची. पुण्याहून आलेली कॉम्प्युटरवाली पोरं काळे चष्मे लावून वर जायची आणि खाली उतरताना पांढऱ्या टोप्यांत यायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एखादी सरपंचपदाची निवडणूक आटोपून मंडळी चाललीत. हा मान खाली, घरी, वाटेत देत नाहीत. एकदा एक साहेब अर्ध्यात थकले आणि "इथंच द्या, फोटोपुरतं," म्हणाले. व्याह्यांनी त्यांना पाणी दिलं, आधार दिला, घरी आणून सोडलं. टोपी नाही दिली.

माझी टोपी त्यांनी मुद्दाम शिवून घेतली होती. देवानं मला डोकं जरा मोठं दिलंय, बाजारात माप मिळत नाही. ती टोपी आणि टॉवेल त्यांच्या पिशवीत दर रविवारी वर जायचा आणि दर रविवारी खाली यायचा. कारण मी माथ्यापर्यंत कधी पोचलोच नाही. अर्ध्याहून थोडं वर, वाटेच्या कडेला एक सपाट दगड आहे. तिथं आलं की माझे पाय थांबायचे, श्वास फुलायचा, डोळ्यांसमोर काजवे. "दम लागायलाय का? बसा बसा, डोंगर कुठं पळून चाललाय," व्याही म्हणायचे. मी म्हणायचो, "तसं नाही, खरा डोंगर इथून पुढं सुरू होतो. मी त्याच्या दारापर्यंत येतो, हे काय कमी आहे?" पोरांनी त्या जागेला 'इवायाचा दगड' असं नावच पाडून टाकलं. आमच्या सौभाग्यवती पहिल्याच खेपेला वर जाऊन खण-नारळ घेऊन आल्या. उतरताना माझ्यापुढून गेल्या, काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

न पोचण्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. उपाशी पाहुण्याला डोंगर दाखवायचा नाही, हा व्याह्यांचा नियम. त्यामुळं चढायच्या आधी पुरुषांची पंगत. दाळबट्टी, वर तुपाची धार, वांग्याची भाजी, ठेचा. बायका वाढायला, त्यांची पंगत खाली उतरल्यावर. त्यात मी मुलीचा बाप. व्याह्यांनी आग्रह करायचा आणि मी नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. ते स्वतः वाढायला माझ्यापुढं वाकायचे. "एक बट्टी, इवाई. माझ्या हातची." ती घेतली की "आता डोंगराच्या नावाची एक." ती घेतली की देवीच्या नावाची. मग हात धुऊन, तोंडात सुपारी टाकून आम्ही डोंगराला निघायचो. आता बोला!

ह्या थंडीच्या तोंडाला त्यांच्या छातीत कळ आली. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून बचावले. डॉक्टरांनी घरी सोडताना डोंगर बंद म्हणून बजावलं. मी भेटायला गेलो तर बाजेवर पडलेला तो माणूस एकदम एवढासा दिसला. मला म्हणाले, "सगळं झालं वो इवाई. तेवढी तुमची टोपी राह्यली." माझ्या तोंडातून निघून गेलं, "येत्या रविवारी जातो. टोपी तयार ठेवा."

रविवारी गेलो. विहीणबाई त्यांच्या पथ्याच्या मागं. चुलीवर मऊ खिचडी, तीही त्यांच्यापुरती. आम्हाला चहा आणि बिस्किटं मिळाली. मी, सौ., लेक आणि जावई निघालो. व्याह्यांनी पिशवी जावयाच्या खांद्याला दिली, दारापर्यंत आले आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले. दगड आला. मी सवयीनं बसायला गेलो, तर पाय थकलेलेच नव्हते! श्वास जागच्या जागी. दोन पावलं पुढं टाकली, आणखी दोन टाकली. लेक मागून म्हणाली, "बाबा, बरं वाटतंय ना?" आणि तेव्हा माझ्या ह्या मोठ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मला डोंगर जड जातच नव्हता, बट्टी जड जात होती.

माथ्यावर वारा होता. खाली शेतं, रस्ता, आणि त्यांचं घर. खरंच लई भारी दिसतं. अंगणातली बाज रिकामी दिसली. वाटलं, ऊन लागलं म्हणून आत गेले असतील. जावयानं देवीसमोर टोपी काढली, तोंडाशी मूठ धरली. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू दे. ज्यानं शिवून घेतली त्यानंच घालायची." खाली नेऊन टोपी घालणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं आणि ते तर वर येऊ शकत नव्हते. म्हणजे टोपी पुन्हा पिशवीतच जाणार. ती तशीच घेऊन उतरलो.

दगडापाशी आलो, तर दगडावर व्याही. इस्त्रीचे कपडे, घामानं ओलं कपाळ, शेजारी विहीणबाई तोंड फिरवून बसलेल्या. "दर पावलाला बसत बसत आले," त्या म्हणाल्या, "माझं ऐकतंय कोण?" मी ओरडलोच, "अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?" ते म्हणाले, "डोंगर चढू नका म्हणले. तुम्हीच म्हणता न्हवं, खरा डोंगर इथून पुढं सुरू होतो?" मग हळू आवाजात, "गाठला का माथा?" "गाठला." ते दगडाला धरून उठले. तोंडाशी मूठ धरली आणि माझं नाव, औरंगपुरा, कुणाचा बाप, कुणाचा इवाई, सगळं रीतसर पुकारलं. मग टोपी त्यांनी दोन्ही हातांनी नीट घातली. बरोबर बसली.

आता डॉक्टरांनी थोडं चालायची परवानगी दिलीय. अधूनमधून रविवारी आम्ही दोघं सावकाश त्या दगडापर्यंत जातो. माथ्यावर मी पुन्हा गेलो नाही. ते इथं बसलेले असताना वर जाऊन मी करू काय? ते पंच्यात बांधून आणलेली बट्टी काढतात, त्यांना तूप बंद, म्हणून सगळं माझ्याच पुढं ठेवतात. मी एकदा पोट भरलं म्हणून हात आडवा केला, तर ते डोंगराकडं बघत म्हणाले, "घ्या वो इवाई. आता कुठं वर जायचंय आपल्याला?"

मी घेतली. देवीच्या नावाचीही घेतली.