नवं हाय, तयार नाही

१२ जानेवारी, रविवार, सकाळी आठ. हजर : मी (सचिव), संघमित्रा (नेमबाज), काका (पुंगळ्यांची तपासणी). गैरहजर : बाकी सगळे, जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला गेलेले. वीज : आहे.

बुलढाण्यातल्या आमच्या छोट्या रायफल क्लबच्या वहीतली ही नोंद माझ्याच अक्षरात आहे. त्या सकाळी जे घडलं ते मात्र वहीत नाही. ते इथे लिहिते.

काका म्हटलं की मला आधी त्यांचा खालचा ओठ आठवतो. काडतुसाची कोरी पितळी पुंगळी खोक्यातून काढायची, तिचं तोंड ओठावर टेकवायचं आणि दोन बोटांनी सावकाश एक फेरा द्यायचा. डोळे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा आता बासरी वाजवणार. फेरा पुरा झाला की ते म्हणायचे, "नवं हाय, तयार नाही."

आमच्या क्लबला स्पर्धेच्या नेमबाजांसाठी काडतुसं भरायची परवानगी आहे. बंदुकीच्या दारूचं काम अध्यक्षांकडे, किल्ली त्यांच्याच कमरेला. काकांचं काम त्याच्या आधीचं. नव्या, रिकाम्या पुंगळ्या भरण्याजोग्या करून देणं. "दारूले मी हात लावत नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "तिचा सोभाव मले मालूम हाय."

आयुध कारखान्यात तपासणी विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर रोहिणखेडला राहायचे. एका रविवारी सहज आमची नेमबाजीची रेंज पाहायला आले आणि टेबलावरचं उघडं खोकं बघून थांबले.

"कोनं तयार केल्या ह्या?"

"तयार काय करायच्या?" मी म्हटलं. "नव्या आहेत."

"म्हनूनच इचारलं."

तुम्हीही माझ्यासारखेच असाल तर नवी वस्तू म्हणजे खोकं फोडलं आणि वापरली, अशी तुमचीही समजूत असेल. काकांनी ती अर्ध्या तासात मोडली. पुंगळ्या प्रवासात एकमेकींवर आदळतात, तोंडं चेपतात. कडेला केसाएवढी धार राहून गेलेली असते. एक पुंगळी दुसरीहून किंचित जड भरते. काका पुंगळीचं चेपलेलं तोंड गोल करायचे, कडेची धार हातातल्या छोट्या हत्याराने आतून-बाहेरून उतरवायचे. दोन फेरे, तिसरा नाही. मग काचेवर लोळवायची, सोनाराच्या काट्यावर तोलायची. शेवटी दोन पुंगळ्या हलकेच एकमेकींवर वाजवायच्या. चांगली किणकिणते. फुटकी बद्द बोलते.

पन्नास भोकांचा सागवानी ट्रे त्यांनी स्वतः करून आणला होता. पास झालेली पुंगळी तोंड वर करून, शंका असलेली उपडी. उपडीला कुणी हात लावायचा नाही. पक्की नापास झालेली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

ही सवय कामापुरती नव्हती. रेंजबाहेरच्या टपरीवर चहा आला की आधी स्टीलच्या ग्लासाची कड ओठावरून फिरायची. टपरीवाला ओरडायचा, "काका, च्या हाय तो! काडतूस नोका समजू!"

"तुह्या गिलासानं आतापावतर किती जनाईचे ओठ कापले बे?" काका विचारायचे, आणि मग फुर्रकन घोट घ्यायचे.

संघमित्रा संग्रामपूरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तीनशे मीटरवर रायफल चालवते. काका येण्याआधीच्या एका निवड चाचणीत खोक्यातली पुंगळी तशीच भरलेली होती, ती रायफलीत अडकली. ती काढण्यात वेळ गेला, लय गेली, आणि एका गुणाने संघ हुकला. तेव्हापासून तिचा नियम एकच : काकांच्या हातून गेलेलं पितळ. "ताई, माझा डोळा रायफलीपासून चार बोटांवर असतो," ती मला म्हणाली होती. "पितळ फाटलं तर आधी तोच जाईल."

म्हणून डिसेंबरात मला जे दिसायला लागलं, त्याने माझी झोप उडाली.

एक : काकांची सही. वहीतल्या ओळीवर नेमकी बसणारी सही हळूहळू वरच्या ओळीत चढायला लागली. माझ्या वहीत कुणी ओळ सोडली की मला कळतं. दोन : त्यांचं भिंग. पूर्वी ते सतत डोळ्याला असायचं, आता खिशातून निघतच नव्हतं. तीन : एका रविवारी मोताळ्याला बस बदलताना ते घाट चढून बुलढाण्याला यायच्या ऐवजी थेट मलकापूरला जाऊन उतरले. "डुलकी लागली," म्हणाले. पण डुलकी लागलेला माणूस चुकीच्या बसमध्ये चढत नाही, चढलेल्या बसमध्ये झोपतो.

संघमित्राची पुढची चाचणी फेब्रुवारीत होती. तपासणीच्या रकान्यात काकांची सही असली की त्याखाली माझी होत असे, न बघता. विचारलं असतं तर ते हसून उडवून लावतील हे ठाऊक होतं. म्हणून शनिवारी दुपारी मी नापास डब्यातल्या तीन पुंगळ्या काढल्या, नीट पुसल्या आणि सत्तेचाळीस नव्यांत मिसळून ठेवल्या.

रविवारी दारातच संघमित्राला सांगितलं. ती भडकली.

"ताई, हे बरं नाही केलं. त्यांची परीक्षा घेता?"

"आणि त्यांच्याकडून एखादी सुटली तर? ती तुझ्याच रायफलीत जाणार आहे."

ती वळली. आत जाऊन काकांसमोर बसली, पण त्यांच्याकडे बघेना.

काकांना अडीच तास लागले. ओठ, नख, काच, काटा. काट्याचा आकडा त्यांनी संघमित्राला वाचायला लावला. "तू सांग, मी आइकतो." मधे एकदा चहा झाला. शेवटची पुंगळी ट्रेमध्ये गेली तेव्हा मी उपड्या मोजल्या.

चार.

तीन असत्या तर प्रश्नच नव्हता, दोन असत्या तरी निर्णय सोपा होता. चार म्हणजे काका अंदाजाने चालले आहेत, असंच मला वाटलं.

काकांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "म्याडम, ह्याच्यातल्या तीन तुमच्या हायेत."

मी ट्रेकडे पाहिलं.

"ह्या तिघीईले मी मागच्या साली नापास केलं. नापास झाली का बुडाशी कानशीनं खुनेची एक रेघ मारतो मी. नखाले लागते ते."

"आणि चौथी?"

"चौथी नवीच हाय. वाजवली तं मले काहीतरी वाटलं. काय ते तुम्ही पाहा." बस उशिरा येणार हे सांगावं तशा आवाजात ते पुढे म्हणाले, "मले आता दिसत नाही."

खिशातलं भिंग त्यांनी माझ्याकडे केलं. मी पाहिलं, काही दिसेना. संघमित्राने पुंगळी खिडकीकडे धरली, फिरवली, आणि एकदम म्हणाली, "आहे! ताई, आहे!" तोंडाखाली पापणीच्या केसाएवढी चीर होती.

"काका, सांगतलं काऊन नाही?" तिने विचारलं.

"सांगतलं असतं तं ह्या बाईनं मले अथी बसू देल्लं असतं काय?"

"नसतं दिलं," मी म्हणाले. खरं होतं ते.

"बराबर हाय. मीबी नसतं देल्लं." मग त्यांनी चाचपून वही माझ्याकडे सरकवली. "माह्या सहीच्या बाजूले एक रकाना आखा. हात माहा, डोळा तुमचा. दोन सह्या. एक जरी नसली तं पुंगळी भाईर जानार नाही."

मी पट्टी घेतली आणि रकाना आखला.

त्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांवर टिकवायची होती. थेंबांच्या वेळा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. "एवढं मोठं तं बसच्या पाटीवरबी लिहीत नाही," ते म्हणाले. मोताळ्याला त्यांना बरोबर बसमध्ये बसवायचं काम एका ओळखीच्या कंडक्टरने अंगावर घेतलं. संघमित्रा त्या शेहेचाळीस पुंगळ्यांची काडतुसं घेऊन चाचणीला गेली आणि संघात निवडली गेली. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "काका, पेढा तरी तपासू नका." त्यांनी तोही आधी ओठाला लावला, आणि आम्ही तिघंही हसलो.

दोन सह्यांचा रकाना सहा महिने चालला. जुलैमध्ये नवं खोकं आलं. त्या रविवारी काकांचा हात मंद होता. एकतीस झाल्यावर ते थांबले, बत्तिसाव्या पुंगळीत खुणेला आगकाडी खोचली आणि म्हणाले, "राह्यलेलं पुढच्या आइतवारी." गुरुवारी सकाळी रोहिणखेडहून फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते.

ट्रे अजून कपाटात आहे. संघमित्राची चाचणी पुन्हा जवळ आली आहे, जुन्या पुंगळ्या वापरून थकल्या आहेत आणि एकतीस पुरत नाहीत. "ताई, तुम्ही पाहिलंय ना सगळं? तुम्हीच करा," ती म्हणते.

पाहिलं आहे. काल आम्ही दोघी ट्रे घेऊन बसलो. मी आगकाडी काढली, बत्तिसावी पुंगळी ओठावर टेकवली, डोळे मिटले आणि एक फेरा दिला. एका जागी काहीतरी लागलं. परत फिरवली, तर नाही लागलं. संघमित्राने भिंगातून पाहिलं, तिला काही दिसलं नाही. तिने स्वतःच्या ओठावर फिरवली. "मला काहीच कळत नाही," ती म्हणाली.

डोळ्याच्या रकान्यात माझी सही करता आली असती. हाताच्या रकान्यात कोण करणार?

पुंगळी उपडी ठेवली. वहीत लिहिलं : हजर दोन. तपासायच्या बाकी, एकोणीस.