काचेवरची चंदेरी साय

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा माझी पीएचडी नुकतीच संपली होती आणि जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं मला बोलावलं होतं. जमणार नाही असं कळवून मी मालवणला परत आले. आई आधीच गेलेली, घरी आम्ही दोघंच. जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली.

माझे मार्गदर्शक त्याच सुमारास निवृत्त होत होते. प्रयोगशाळा आवरताना त्यांनी मला एक जुना लेसर, थोडे आरसे आणि रुबिडियम या धातूची वाफ भरलेली बंद काचनळी दिली. "इथे कपाटात पडून राहील. तू वापर," एवढंच म्हणाले. परतीच्या गाडीत, कुडाळ स्टेशन येईपर्यंत, टॉवेलात गुंडाळलेली ती नळी माझ्या मांडीवर होती.

कॉलेजनं मागची अडगळीची खोली रिकामी करून दिली. प्रयोग म्हटला तर सोपा आहे. एकाच लेसरचे दोन किरण करायचे, एक जोरकस, एक मंद, आणि ते नळीतून समोरासमोर सोडायचे. वाफेतले अणू चहूकडे धावत असतात, त्यामुळे प्रत्येकाला प्रकाशाचा रंग किंचित वेगळा भासतो आणि लेसरचा रंग हळूहळू सरकवत नेला की मापनयंत्राच्या पडद्यावर शोषणाचा नुसता रुंद खड्डा उमटतो. किरणांना आडवे धावणारे जे थोडे अणू असतात, त्यांना मात्र दोन्ही किरण एकाच रंगाचे दिसतात. जोरकस किरणानं त्यांना आधीच गुंतवलेलं असतं, म्हणून मंद किरण फारसा न अडता पार होतो. मग त्या खड्ड्याच्या पोटात एक बारीक सुळका उभा राहतो. अणूचा नेमका रंग तिथे सापडतो; रुबिडियमला असे जवळजवळचे अनेक रंग आहेत, म्हणून सुळकेही अनेक.

रस्त्यावरून ट्रक गेला की आमच्या लेसरचा रंग उडी मारायचा. टेबलाच्या पायांखाली स्कूटरच्या ट्यूब घातल्या तेव्हा ते थांबलं. खोलीतली ओल हटावी म्हणून प्राचार्यांनी एसी बसवून दिला. त्यानंतर काही दिवस सुळके छान दिसले, मग बुटके व्हायला लागले, आणि एका सकाळी पडद्यावर नुसती सपाट रेघ. मी आरसे पुन्हा लावले, वायरी बदलल्या. काही उपयोग नाही. शेवटी टॉर्च घेऊन नळी तिरकी पाहिली, तर एका टोकाच्या काचेवर चंदेरी साय धरली होती. एसीचा झोत तिथेच येत होता. गार काचेवर धातू जमला होता आणि त्यानं किरणाची वाट बुजवली होती.

काच हळूहळू शेकली असती तर धातू तिथून हलला असता. पण शेकायचं कशानं? माझी शाळेतली मैत्रीण जवळच्या कट्टा गावात ब्यूटी पार्लर चालवते. तिला फोन करून केसांचा ड्रायर मागितला.

"दितंय, पण मी वांगडा येतलंय. नवीन आसा तो," ती म्हणाली.

दुपारी ड्रायर घेऊन ती स्वतःच स्कूटरवरून आली. नळीकडे वाकून बघत म्हणाली, "ह्येत तर कायच नाय गो!"

"आसा, पण दिसना नाय."

लेसर बंद करून मी ड्रायर धरला, पण तो मला एकसारखा फिरवता येईना. "हाड हयसर," म्हणत तिनं तो काढून घेतला आणि काचेसमोर सावकाश फिरवत राहिली. साय आधी कडेनं विरली, मग मधोमध. काच थोडी निवू दिली, तिला डोळ्यांच्या बचावाचा चष्मा घालायला दिला आणि लेसर लावला. पडद्यावर खड्डा उमटला. त्यात सुळके होते, एकाशेजारी एक.

"ह्याच्यासाठी तू जर्मनीक जाऊक निघाललंस?" तिनं विचारलं.

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. परत आले तेव्हा हे सगळं संपलं असं मी धरून चालले होते, हे मी कुणालाच बोलले नव्हते. ती ड्रायरची वायर गुंडाळत माझ्याजवळ बसून राहिली.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा उजवा हात अजून उचलला जात नव्हता, कुणाच्या आधाराशिवाय चालताही येत नव्हतं. डाव्या हातानं चमचा धरून ते ऐकत होते. मग थांबून म्हणाले, "तू माझ्यामुळे रवलंस मां?"

मी त्यांच्यासाठी इथे राहिले का, हे इतक्या दिवसांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. नाही म्हणावंसं वाटलं, पण त्यांना ते पटलं नसतं.

"होय. तुमच्यामुळेच."

"परत बोलावल्यानी तर?"

"विचार करीन."

"कर," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

मीच जर्मनीतल्या त्या प्रयोगशाळेला मेल लिहिली. जुनी जागा केव्हाच भरली होती, पण उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं ये, म्हणाले. मावशी बाबांजवळ राहायला आली आणि मी गेले. तिथली यंत्रं आमच्यापेक्षा कितीतरी चांगली होती. पहिल्याच दिवशी सुळके दिसले तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी खूप शिकले, सुट्टी संपली तशी परत आले.

रिक्षातून उतरले तर बाबा काठी टेकत एकटेच फाटकापर्यंत आलेले.

"बारीक झालंस," ते म्हणाले.