पट्टीखालचं रबर

माझ्या मामाला धंद्यातले सगळे उतारमामा म्हणायचे. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं आणि प्रत्येक कामावर एकच मंत्र: "उतार दे, बाकीचं पाणी बघून घेतं." मी पाना धरायला शिकलो तो त्याच्याच हाताखाली. कामात चोख, पण माणूस विचित्र. गिऱ्हाइकाच्या घरातला संडास त्याने जन्मात कधी वापरला नाही. "आपण दुरुस्त करायला येतो, वापरायला नाही," म्हणायचा. सकाळी घोटभर पाणी पिऊन निघायचा, तो संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कोरडा. आम्ही हसायचो.

उकिडवं बसून बसून दोन्ही गुडघे गेले. मामी आधीच गेली होती. मामेभावाने त्याला आपल्या घरी आणलं, पण वर जागा नव्हती, म्हणून तळघरात खाट टाकली. संडास वर, मध्ये चौदा पायऱ्या, आणि मामाला एक चढवेना. तेव्हा खालीच संडास-मोरी करायची ठरली. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

बाहेरची गटाराची लाइन तळघराच्या जमिनीपेक्षा चार फूट उंच. उतार मिळणार कुठून? जमीन फोडून टाकी बसवली. टाकी भरली की तिच्यातला पंप आपोआप सुरू होणार आणि सगळं पाइपातून वर ढकलणार. मामा खाटेवरून बघत होता. "घ्या! पाणीसुद्धा जिना चढायला लागलं. राहिलो तो मीच," म्हणाला. मी पाइप छताला पट्ट्यांनी आवळायला लागलो, तेव्हा त्याने विचारलं, "रबर?"

पट्टीखाली रबर घातलं नाही तर पंपाची थरथर घरभर जाते. हे मला त्यानेच शिकवलेलं. रबर माझ्या घरी राहिलं होतं. परकं गिऱ्हाईक असतं तर धावत जाऊन आणलं असतं. घरचंच काम, म्हणून म्हणालो, "पुढच्या खेपेला लावतो, मामा." ती खेप चार महिन्यांनी आली. माझ्यासारख्याला जोड्याने मारायला हवं.

आली तीही वहिनीच्या फोनमुळे. "भावजी, पंप बिघडलाय वाटतं. पंधरा दिवस झाले, आवाजच नाही."

तळघरात जाऊन मी बादलीभर पाणी ओतलं. पंप असा गुरगुरला की वर जेवणाच्या टेबलावरची भांडी वाजली. लगेच नातीचा आवाज आला. पाच वर्षांची पोर टाळ्या पिटत ओरडत होती, "आजोबांची झाली! आजोबांची झाली!" वर सगळे हसले. वहिनीही हसली. वाईट बाई नाही ती.

मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. उशाशी पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला.

"मामा, तू पाणी पीत नाहीस?"

"पितो की. सकाळी घोटभर. ही मंडळी बाहेर पडली की."



त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या काढून रबर घातलं. वर टेबलाशी कान लावून बसलो आणि वहिनीला खाली बादली ओतायला लावली. चिडीचूप. खाली येऊन सांगितलं, "मामा, आता आवाज येणार नाही. पोटभर पी."

"हे वाक्य मी किती गिऱ्हाइकांना सांगितलंय, ठाऊक आहे?"

"मग स्वतःच ऐक ना!" त्याला पाठुंगळी घेतलं आणि चौदा पायऱ्या चढलो. अंगात काही उरलंच नव्हतं त्याच्या. टेबलाशी बसवला. खाली वहिनीने बादली ओतली. आम्ही दोघं कान देऊन बसलो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी येत होती.

"बघ, येतोय आवाज?"

"कसा येईल? तिने ओतलंच नाही."

"ओतलं, मामा! तुझी शपथ."

"तूच सांगितलं असशील, ओतू नका म्हणून." त्याने माझ्या हातावर थोपटलं. "चांगला आहेस रे. पण मी या धंद्यात म्हातारा झालोय."

मी ओरडलो, हातापाया पडलो, काही उपयोग झाला नाही. वहिनी रडली. तिने पोरीला दटावलं, ते वेगळंच अंगाशी आलं. वर सगळे गप्प राहायला लागले आणि मामाला वाटलं, आता मुद्दाम गप्प बसतात. सकाळचा घोटही निम्म्यावर आला.

मूत्रपिंडं गेलीत, असं डॉक्टर म्हणाले. सलाइनमधून गेलं तेवढंच पाणी त्याच्या अंगात गेलं. रबर घातल्यापासून पाचव्या आठवड्यात मामा गेला.

खोली आवरायला मीच उतरलो. ग्लास अजून तसाच, पाण्यावर धुळीचा थर. तो बेसिनमध्ये ओतला आणि उगाचच नळही सोडून ठेवला. टाकी भरली, पंप सुरू झाला. वर सगळे बसले होते. कोणालाच ऐकू गेलं नाही.